पॅरिसहून परतलेले विद्वान

“शिकलास तर माणूस होशील,” हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरी ऐकलेलं आहे. मराठी मध्यमवर्गाची शिक्षणावर जेवढी श्रद्धा, तेवढी दुसऱ्या कशावर असेल असं मला वाटत नाही. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं, आपण परदेशी आलो, मास्टर्स केलं, स्थिरावलो. आता आपण मुलांच्या मागे तोच धोशा लावतो. शिकलेला माणूस शहाणा असतो आणि शहाणा माणूस सहसा क्रूर नसतो, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की ते कधी तपासून पाहावं असं मनातही येत नाही.

इतिहास मात्र या समजुतीला फारशी साथ देत नाही. मे १९३३ मध्ये जर्मनीत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, त्यात पुढाकार होता विद्यापीठांतल्या विद्यार्थी संघटनांचा. त्याच वर्षी मार्टिन हायडेगरसारखा तत्त्वज्ञ फ्रायबुर्ग विद्यापीठाचा प्रमुख झाला आणि नाझी पक्षाचा सभासदही झाला. इटलीत फॅसिझमला तात्त्विक बैठक देणारा जोव्हानी जेंतिले हा नामवंत तत्त्वज्ञच होता. साध्या हुकूमशहाला लोकांनी गप्प बसलं की पुरतं. सर्वंकष सत्तेला तेवढ्यावर समाधान नसतं. लोकांनी काय खावं, कोणाशी लग्न करावं, कशावर विश्वास ठेवावा, हे सगळं तिला ठरवायचं असतं. एवढा मोठा अधिकार मागायचा तर त्यासाठी काहीतरी थोर कारण सांगावं लागतं, आणि असं कारण तयार करून देण्याचं काम शिकलेली माणसंच करू शकतात.

याची उदाहरणं बरीच आहेत. मी आज लिहिणार आहे ते कंबोडियाबद्दल, कारण ती गोष्ट आपल्यासारख्यांची आहे. ती सुरू होते शिष्यवृत्ती घेऊन परदेशी शिकायला गेलेल्या हुशार मुलांपासून.

शिष्यवृत्तीची मुलं

कंबोडिया १८६३ पासून फ्रेंचांच्या संरक्षणाखाली, म्हणजे प्रत्यक्षात ताब्यात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली काही निवडक मुलं सरकारी शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊ लागली. १९४९ मध्ये सालोथ सार नावाचा तरुण रेडिओ इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेला. इएंग सारी राज्यशास्त्र शिकायला गेला. ख्यू थिरिथ ही तरुणी शेक्सपिअरचा अभ्यास करत होती, तर तिची थोरली बहीण ख्यू पोन्नारी भाषाशास्त्राचा. सोन सेन शिक्षक होण्यासाठी आला होता. हू यून आणि ख्यू सांफान हे दोघे या मंडळींत सर्वांत विद्वान. हू यूनने १९५५ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर, तर ख्यू सांफानने १९५९ मध्ये कंबोडियाची अर्थव्यवस्था आणि औद्योगिक विकास या विषयावर पॅरिसमध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्या काळच्या पॅरिसमध्ये कम्युनिस्ट असणं यात काही जगावेगळं नव्हतं. फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाला निवडणुकांत चौथाईच्या आसपास मतं मिळत होती, आणि वसाहतींच्या स्वातंत्र्याची बाजू उघडपणे घेणारे पक्ष थोडेच होते. घरापासून हजारो मैल दूर, थंडीत, अपुऱ्या पैशांत राहणारी ही मुलं एकमेकांच्या खोल्यांवर जमत, आपल्या देशाच्या गरिबीवर रात्र रात्र बोलत. परदेशी विद्यार्थी म्हणून राहिलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. रात्री दोन वाजता चहा पिता पिता आम्हीही भारताचे सगळे प्रश्न सोडवत असू. फरक इतकाच की सकाळी आम्ही असाइनमेंट सबमिट करायला जात असू आणि भारत जसा होता तसाच राहत असे.

सालोथ सार अभ्यासात फारसा चमकला नाही. परीक्षेत नापास होत गेला, शिष्यवृत्ती बंद झाली आणि १९५३ च्या सुरुवातीला तो मायदेशी परतला. पुढे त्याने नॉम पेन्हच्या एका खाजगी शाळेत इतिहास आणि फ्रेंच साहित्य शिकवलं. विद्यार्थ्यांच्या आठवणीत तो मृदू बोलणारा, कविता आवडणारा शिक्षक होता. १९५६ मध्ये त्याने ख्यू पोन्नारीशी लग्न केलं, तेही १४ जुलैला, फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवशी. इएंग सारी आणि ख्यू थिरिथ यांचं लग्न आधीच झालेलं होतं. म्हणजे दोघे साडू. जगाने सालोथ सारला पुढे पोल पॉट या नावाने ओळखलं.

प्रबंधात काय होतं?

ख्यू सांफानच्या प्रबंधाबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण नंतर त्याच्यावर बरंच खरं-खोटं लिहिलं गेलं. शहरं ओस पाडा, पैसा बंद करा, माणसं मारा, असं त्यात काहीही नाही. परदेशी भांडवल आणि परदेशी व्यापार यांच्याशी जखडल्यामुळे कंबोडियाचे उद्योग वाढत नाहीत, शहरातला बराचसा व्यवहार अनुत्पादक आहे, तेव्हा देशाने बाहेरच्या व्यापारावर नियंत्रण ठेवून स्वतःच्या पायावर उभं राहावं, असा त्याचा एकूण सूर होता. पन्नासच्या दशकात दिल्लीपासून कैरोपर्यंत असे विचार मांडणारे अर्थतज्ज्ञ जागोजागी होते.

माणूसही सचोटीचा म्हणून प्रसिद्ध होता. परतल्यावर त्याने एक फ्रेंच नियतकालिक काढलं. १९६० मध्ये सिहानुकच्या पोलिसांनी त्याला भर रस्त्यात मारहाण करून, कपडे उतरवून अपमानित केलं आणि तुरुंगात टाकलं. पुढे तो लोकसभेवर निवडून आला, काही काळ मंत्रीही झाला, पण राहणी साधीच ठेवली. १९६७ मध्ये अटकेच्या भीतीने तो आणि हू यून जंगलात पळाले. सरकारने त्यांना मारून टाकलं असंच लोक समजत होते.

म्हणजे सुरुवातीला या लोकांकडे होती ती बुद्धी, सचोटी आणि देशातल्या गरिबांबद्दलची खरी कळकळ. हे मी मुद्दाम लिहितो आहे. दुष्ट माणसांनी दुष्ट कामं केली असं म्हटलं की आपण सुटतो. ही गोष्ट इतकी सरळ नाही.

बिघडलं ते जंगलात. तिथे पक्ष गुप्त होता, वाद घालायला विरोधक नव्हते, वर्तमानपत्र नव्हतं, निवडणूक नव्हती. १९६९ पासून ऑगस्ट १९७३ पर्यंत अमेरिकेने कंबोडियावर लाखो टन बाँब टाकले. मार्च १९७० मध्ये जनरल लोन नोलने सिहानुकला पदच्युत केल्यावर यादवी युद्ध पेटलं आणि खेड्यांतली चिडलेली पोरं ख्मेर रूजच्या सैन्यात लोटली. पॅरिसमधल्या चर्चेत जी ‘जनता’ होती, तिच्या हातात आता बंदुका होत्या. आणि त्या जनतेला काय हवं आहे हे ठरवणारे होते मोजके दहा-बारा लोक.

एका दिवसात नवी सिस्टिम

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने नॉम पेन्ह जिंकलं. अमेरिकन बाँब पडणार आहेत, दोन-तीन दिवसांसाठी बाहेर पडा, असं सांगून वीस लाखांच्या आसपास लोकांना शहराबाहेर हाकललं. हॉस्पिटलातल्या पेशंटनाही सोडलं नाही. चलन रद्द झालं, राष्ट्रीय बँकेची इमारत सुरुंग लावून उडवली. बाजार, शाळा, टपाल, बुद्धमंदिरं सगळं बंद. साऱ्या देशाला सामुदायिक शेतावर कामाला जुंपलं.

माझा व्यवसाय कंपन्यांच्या जुन्या सिस्टिम्स काढून नव्या बसवण्याचा. साध्या बँकेचं सॉफ्टवेअर बदलायचं असलं तरी आम्ही आधी एखाद्या शाखेत करून बघतो, जुनी आणि नवी सिस्टिम काही आठवडे शेजारी शेजारी चालवतो, आणि फसलंच तर मागे फिरायची वाट राखून ठेवतो. शिवाय प्रत्येक मीटिंगमध्ये एक खवट गृहस्थ असतो, जो दर स्लाइडला “हे चालणार नाही” म्हणतो. त्याचा वैताग येतो, पण निम्मे प्रोजेक्ट त्याच्यामुळे वाचतात. पॅरिसहून परतलेल्या या मंडळींनी साऱ्या देशाचा जुना संसार एका दिवसात मोडला आणि मागे फिरायची वाट ठेवली नाही. खवट माणसाचं काय झालं, तर शहरं रिकामी करायला हू यूनचा विरोध होता असं सांगितलं जातं. तो १९७५ मध्येच नाहीसा झाला.

१९७६ मध्ये पक्षाने चार वर्षांची योजना आखली. देशभर सरासरी हेक्टरी तीन टन भात पिकवायचा, असं ठरलं. त्याआधीचं सरासरी पीक हेक्टरी एक टनाच्या आसपास होतं. खतं नाहीत, यंत्रं नाहीत, अनुभवी शेतकऱ्याच्या सल्ल्याला किंमत नाही. खालच्या अधिकाऱ्यांनी भीतीपोटी फुगवलेले आकडे वर पाठवले. त्या आकड्यांच्या हिशेबाने धान्य सरकारजमा झालं आणि पिकवणाऱ्यांच्या वाट्याला पातळ पेज उरली.

आकडे जुळेनात तेव्हा आखणी चुकली असं म्हणायला कोणी तयार नव्हतं. सिद्धांत बरोबर आहे हे आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे एकच उत्तर शिल्लक राहिलं. कोणीतरी आतून घातपात करत असणार. मग गद्दारांचा शोध सुरू झाला. शोधणाऱ्यांना गद्दार सापडतातच.

शाळेचं काय झालं

अंगकोर वाट बघायला जाणारे मराठी प्रवासी हल्ली पुष्कळ आहेत. आम्ही गेलो तेव्हा परतताना एक दिवस नॉम पेन्हला थांबून तुओल स्लेंग पाहिलं. ही मुळात एक हायस्कूलची इमारत. तीन मजली, लांब व्हरांडे, मधे मोकळं मैदान. आपल्याकडच्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावात शोभेल अशी. ख्मेर रूजने तिचा तुरुंग केला. वर्गांत विटांच्या भिंती घालून हात पसरता येणार नाहीत एवढ्या कोठड्या बांधल्या. वरून उडी मारून कोणी सुटू नये म्हणून व्हरांड्यांना काटेरी तारा लावल्या. खाली खोल्याखोल्यांत कैद्यांचे फोटो आहेत, ओळींमागून ओळी. माझ्या मुलीने त्यातल्या एका मुलाकडे बोट दाखवून, “हा माझ्याएवढाच आहे ना?” असं विचारलं. मी “हो” म्हणालो आणि आम्ही पुढे गेलो.

या तुरुंगात बारा हजारांहून अधिक माणसं आणली गेली. जिवंत राहिली ती मोजकीच. त्यांतली बहुतेक पक्षाचीच माणसं आणि त्यांची कुटुंबं होती. ख्मेर रूजचा माहितीमंत्री हू निम हा कायद्याचा डॉक्टर, त्यालाही छळ करून जुलै १९७७ मध्ये इथेच मारलं. तुरुंगाचा प्रमुख होता डुच, मूळ नाव काइंग ग्वेक एआव. हा गणिताचा शिक्षक, शालान्त परीक्षेत देशात दुसरा आलेला. छळातून काढलेल्या कबुलीजबाबांच्या कागदांवर तो समासात शेरे लिहीत असे, शिक्षक वह्या तपासतो तसे. त्याच्यावर देखरेख पॅरिसला शिकलेल्या सोन सेनची. शेक्सपिअर शिकलेली थिरिथ समाजकल्याणमंत्री होती, तिचा नवरा परराष्ट्र व्यवहार बघत होता आणि १९७६ पासून राष्ट्रप्रमुखाच्या खुर्चीवर होता डॉक्टर ख्यू सांफान.

आणखी एक हकिगत आपल्यासारख्या परदेशस्थांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. देश स्वतंत्र झाला, आता उभारणीला या, अशी हाक ऐकून फ्रान्स, अमेरिका वगैरे ठिकाणचे शेकडो कंबोडियन डॉक्टर, इंजिनिअर, विद्यार्थी १९७५-७६ मध्ये मायदेशी परतले. विमानतळावरूनच त्यांना छावण्यांत नेलं. ‘जुने विचार धुऊन काढण्यासाठी’ शेतीकाम, शेणखत, रोजचं आत्मपरीक्षण. त्यांतले पुष्कळ पुढे तुओल स्लेंगमध्ये गेले. ऑंग थाँग हुआंग हा पॅरिसचा विद्यार्थी १९७६ मध्ये असाच परतला होता. तो वाचला. राजवट पडल्यावर त्याने तुओल स्लेंगच्या दप्तरखान्यात काही काळ काम केलं, आणि २००३ मध्ये आपण ख्मेर रूजवर कसा विश्वास ठेवला होता यावर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं. देशप्रेमाने परतलेल्या माणसांचं असं झालेलं वाचलं की त्या दिवशी दुसरं काही वाचवत नाही.

पावणेचार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसं उपासमारीने, रोगाने, अतिश्रमाने किंवा हत्येने मेली. देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आत होती. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्य नॉम पेन्हमध्ये शिरलं तेव्हा हे थांबलं.

लांबून टाळ्या

हे चाललेलं असताना बाहेरचे विद्वान काय करत होते?

ऑगस्ट १९७८ मध्ये स्वीडनहून चौघांचं एक मैत्री-मंडळ कंबोडियाला गेलं. त्यात यान मिर्दाल हा लेखक होता, म्हणजे ‘एशियन ड्रामा’ लिहिणाऱ्या गुन्नार मिर्दाल यांचा मुलगा. मंडळाने दोन आठवडे देश पाहिला, पोल पॉटबरोबर जेवण केलं आणि परत जाऊन छळाच्या बातम्या खोट्या असल्याचं सांगितलं. त्या चौघांतल्या एका स्त्रीचा नवरा कंबोडियन होता आणि आदल्या वर्षी मायदेशी परतला होता. त्याची भेट होईल या आशेने ती गेली होती. तो तुओल स्लेंगमध्ये मारला गेला होता, हे तिला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मंडळातला गुन्नार बर्गस्ट्रोम २००८ मध्ये पुन्हा कंबोडियाला गेला आणि त्याने तिथल्या लोकांची जाहीर माफी मागितली. असं करायला हिंमत लागते. ती दाखवणारे थोडे.

माल्कम कॉल्डवेल हा लंडन विद्यापीठातला अभ्यासक ख्मेर रूजचा उघड समर्थक होता. डिसेंबर १९७८ मध्ये दोन अमेरिकन पत्रकारांबरोबर त्याला आमंत्रण मिळालं. २२ डिसेंबरला त्याने पोल पॉटची मुलाखत घेतली आणि खुशीत परतला. त्याच रात्री सरकारी अतिथिगृहातल्या त्याच्या खोलीत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. का, ते आजवर निश्चित झालेलं नाही.

नोम चॉम्स्की आणि एडवर्ड हर्मन यांचं नावही या संदर्भात नेहमी निघतं. त्यांनी ख्मेर रूजची आरती केली नव्हती. जून १९७७ च्या त्यांच्या लेखात पाश्चात्त्य वर्तमानपत्रांतल्या चुका दाखवल्या होत्या, आणि त्यांतल्या काही खरोखरच चुका होत्या. अमेरिकन सरकार व्हिएतनामबद्दल वर्षानुवर्षं खोटं बोललं होतं, तेव्हा त्याच्या सोयीच्या बातमीवर संशय घेणं समजण्यासारखं होतं. पण त्या संशयाचा भार पडला तो सीमा ओलांडून थायलंडला पोचलेल्या निर्वासितांवर. त्यांची साक्ष अतिरंजित ठरली.

ती साक्ष ऐकणारा एक माणूस होता. फ्रांस्वा पाँशो हे फ्रेंच धर्मगुरू दहा वर्षं कंबोडियात राहिले होते, ख्मेर भाषा उत्तम जाणत होते. त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. छावण्यांत जाऊन निर्वासितांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत लिहून घेतलं, आणि नॉम पेन्ह रेडिओवर राजवट स्वतःबद्दल काय सांगते ते रोज ऐकलं. दोन्ही ताडून पाहिलं आणि १९७७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचे काही आकडे चुकलेही असतील. पण थोर सिद्धांतकारांना न दिसलेली गोष्ट, पळून आलेल्या शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्या एका पाद्र्याला दिसली.

आपल्यापुरतं

डुचला २०१२ मध्ये जन्मठेप झाली आणि २०२० मध्ये तो वारला. ख्यू सांफानला २०१४ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आणि २०१८ मध्ये वंशसंहारासाठी जन्मठेप झाली, सप्टेंबर २०२२ मध्ये ती अपिलात कायम राहिली. एवढं सगळं चाललं आहे याची आपल्याला कल्पना नव्हती, असाच त्याचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. राष्ट्रप्रमुख असलेल्या अर्थशास्त्राच्या डॉक्टरला देशात भात किती पिकतो आणि माणसं किती मरतात हे माहीत नसावं, हे मलाही पटत नाही.

या सगळ्यातून शिक्षण वाईट असा निष्कर्ष काढायचा नाही. तो तर पोल पॉटचाच निष्कर्ष होता, आणि त्याच्या राज्यात चष्मा असणंही धोक्याचं ठरलं. मला जाणवतं ते एवढंच, की शिक्षण आपल्याला युक्तिवाद करायला शिकवतं, आणि युक्तिवाद कोणत्याही बाजूने करता येतो. हुशार माणसाला आपली चूक झाकण्यासाठी कारणंही जास्त सुचतात.

परदेशात राहून मायदेशाबद्दल बोलताना आपल्याला आणखी एक सोय असते. आपण ज्या विचाराची बाजू घेतो, तो फसला तर किंमत आपण देत नाही. रांगेत दुसरं कोणी उभं राहतं. स्वीडनहून गेलेली ती मंडळी दोन आठवड्यांनी आपापल्या घरी परतली होती. हे डाव्या विचारांपुरतं खरं आहे असं मुळीच नाही. जर्मनी आणि इटलीची उदाहरणं वर दिलीच आहेत. उजवा असो, डावा असो, धर्माच्या नावाने असो वा विकासाच्या, कोणताही पुढारी किंवा विचार मला फार आवडू लागला की मी आता स्वतःला तीन प्रश्न विचारतो. याची किंमत कोण देणार आहे? तिथे “हे चालणार नाही” म्हणणारा माणूस सुखरूप घरी जातो का? आणि तिथून पळून आलेल्यांचं मी ऐकलं आहे का?

आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत आणि रविवारच्या बैठकांत हुशार मुलं पुष्कळ येतात. त्यांच्या मार्कांचं, कॉलेजच्या ॲडमिशनचं कौतुक आपण करतोच, करायलाही हवं. त्याबरोबर मोठ्या माणसांच्या बोलण्यात चूक काढणाऱ्या मुलाला “फार शहाणा झालास” म्हणून गप्प करू नये, एवढं जरी आपण पाळलं तरी पुष्कळ होईल. पुढच्या वेळी जेवणाच्या टेबलावर राजकारणाचा विषय निघाला आणि कोणी तरी खवटपणे मधे बोललं, तर मंडळी, त्याला बोलू द्या.